पूर्ण पान वाचणाऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही पेण आणि रोह्याचे वाचक. आमच्यात शिक्षक आहेत, मूर्तिकार आहेत, कॉलेजात शिकणारी मुले आहेत. ज्यू धर्मग्रंथांच्या नावावर जे खोटे मराठीत पसरते आहे, ते यापुढे उत्तर मिळाल्याशिवाय आमच्या गावांतून पुढे जाणार नाही.

ते खोटे मोबाइलवरून येते. तालमूद या ज्यू ग्रंथातले म्हणून एक तुटके वाक्य असते आणि त्याखाली निष्कर्ष असतो की ज्यू इतरांना माणूस समजत नाहीत. पाठवणाऱ्याने तालमूद पाहिलेला नसतो. ही विद्या जुनी आहे. 1871 मध्ये आउगुस्ट रोलिंग या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने तालमुदावर आरोपांचे पुस्तक लिहिले. योसेफ ब्लॉख या रब्बीने त्याला जाहीरपणे खोटा ठरवले, तेव्हा तो कोर्टात गेला आणि 1885 मध्ये सुनावणीआधीच फिर्याद मागे घेऊन मोकळा झाला. पुस्तक मात्र खपतच राहिले. 1913 मध्ये कीव्ह शहरात मेंडेल बेलिस या विटांच्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्यावर एका मुलाचा धार्मिक विधीसाठी खून केल्याच्या आरोपावरून खटला चालला. सरकारी बाजूचा तालमूदतज्ज्ञ होता प्रानाइटिस नावाचा पाद्री. उलटतपासणीत तालमुदाविषयीच्या साध्या प्रश्नांची उत्तरेही त्याला देता आली नाहीत. ज्यूरीने बेलिसला निर्दोष सोडले. पण प्रानाइटिसचे उतारे अजून जगभर फिरतात, आणि हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद आपल्याकडे प्रेरणादायी पुस्तकांशेजारी विकला जातो. याची आम्हाला लाज वाटते.

तालमूद ही शतकानुशतके चाललेल्या वादाची नोंद आहे. त्याचा गाभा असलेली मिश्ना इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झाली. बाबिलोनी तालमूद त्यानंतर सुमारे तीन शतकांनी आकाराला आला. त्यात पंडित एकमेकांना खोडून काढतात आणि मागे पडलेले मतही जपून ठेवतात. पूर्वपक्षाचे वाक्य उचलून तोच सिद्धान्त म्हणून सांगणे ही लबाडी आपण शांकरभाष्याबाबत चालवून घेणार नाही. तालमुदाबाबतही ती चालणार नाही.

डोळ्याच्या बदल्यात डोळा हा नियम ज्यूंच्या सूडबुद्धीचा पुरावा म्हणून सांगितला जातो. तालमूद मात्र पानेच्या पाने वाद घालून ठरवतो की ही शिक्षा पैशातच द्यायची. भरपाई पाच गोष्टींची: इजा, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि गेलेली अब्रू. परक्यांतल्या चांगल्यालाही मारावे असे वचन आहेच, ते आम्ही झाकणार नाही. ते रब्बी शिमोन बर योहाय यांचे आहे. हाड्रियान बादशहाच्या रोमी फौजांनी यहूदिया उद्ध्वस्त केला, त्या पिढीचे. जिथे ते येते, तिथे विषय इजिप्तच्या फारोच्या सैन्याने केलेल्या इस्राएलींच्या पाठलागाचा आहे, आणि दुसऱ्या एका पाठात ‘युद्धाच्या वेळी’ अशी मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे. मिश्ना दुसरीकडे हेही सांगते की आरंभी एकच माणूस निर्माण केला गेला, तो अशासाठी की माझा पूर्वज तुझ्या पूर्वजाहून थोर असे कोणी म्हणू नये. कठोर वचनही वाचावे, हेही वाचावे, दोन्ही आपापल्या काळात ठेवून वाचावीत.

हा दूरदेशीचा प्रश्न नाही. बेने इस्रायल ज्यू आपल्याच किनाऱ्यावर रुजले. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून वाचले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून कोकणाने त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांच्यातले पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, अष्टमकर कुंडलिकेपलीकडच्या अष्टमीचे. पेणला त्यांचे सिनेगॉग आहे, अष्टमीलाही आहे. वल्हांडण सणाची पोथी म्हणजे हग्गादा 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापली गेली. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांचे सहकारी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने करू लागले. ज्या समाजाच्या ग्रंथांना आज शिव्या दिल्या जातात, त्याच्याच कथा कीर्तनांतून मराठीत गायल्या गेल्या आहेत. इथे शेजाऱ्याने शेजाऱ्याचा धर्म पोथी न वाचताही जपला. युरोपात तयार झालेला द्वेष या मातीला परका आहे आणि परकाच राहील.

दुसऱ्याचा ग्रंथ कसा वाचावा, हे पेण तालुक्याला शिकवायला नको. गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी कुराण वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली, मग त्याचे सार काढले. आम्ही तोच रस्ता धरतो आहोत.

आम्ही पेण आणि अष्टमी-रोह्यात वाचनमंडळे चालवू आणि मिश्नेची प्रकरणे मराठीत सलग वाचू. मोबाइलवर आलेल्या प्रत्येक वाक्याचा मूळ उतारा, त्याच्या मागची-पुढची ओळ, वक्ता आणि काळ यांसह मराठीत मांडू. शाळांत जाऊ, ग्रंथालयांत जाऊ, प्रकाशकांकडे टिपांसह अनुवाद मागू. इस्रायल सरकारच्या धोरणावर आणि युद्धावर टीका करण्याचा हक्क कोणाचाही आहे, आमच्यातही ती करणारे आहेत. पण त्या टीकेसाठी प्राचीन ग्रंथाचे वाक्य मोडून एका समाजाच्या अंगावर फेकणे, हे आम्ही कोणाकडूनही ऐकून घेणार नाही. कुराणाच्या किंवा मनुस्मृतीच्या वाचनालाही आमचा हाच दंडक राहील.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. अश्दोदला असा, लोदला असा, ठाण्याला असा, ही हाक तुम्हालाही आहे. घरात जुना मराठी हग्गादा असेल, आजोबांच्या कीर्तनाची वही असेल, तर तिची प्रत आम्हाला द्या. ज्यांच्या घरी असे काही नाही, त्यांनी पुढच्या वेळी असे वाक्य मोबाइलवर येईल तेव्हा ते पुढे पाठवू नये. ते आमच्याकडे घेऊन यावे, आपण मिळून त्याचे पान उघडू.