मोडलेला साचा, शाबूत मालकी

बाजारी चित्रपटाचा प्रेक्षक तिकीट काढतो तेव्हा कथेबरोबर एक हमीही विकत घेत असतो. नायक कोण, शत्रू कोण आणि अखेरीस विजय कोणाचा, हे त्याला आधीच ठाऊक असते. हॉलीवूडच्या मक्तेदार कंपन्यांनी या हमीवरच चित्रपटमालिकांचा व्यवसाय उभारला. परंतु तोच माल वारंवार विकला की गिऱ्हाईक कंटाळते. म्हणून अलीकडे एक नवी तऱ्हा रूढ झाली आहे : चित्रपटाने स्वतःच्याच साच्याची थट्टा करावयाची. या थट्टेला बंडखोरी म्हणावे काय?

'द मॅट्रिक्स' (१९९९) या चित्रपटात यंत्रांच्या मायाजालातून मुक्त होण्याची कथा होती. 'द मॅट्रिक्स रेझरेक्शन्स' (२०२१) मध्ये तोच नायक व्हिडिओ गेम रचणारा नोकरदार झालेला दिसतो. मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्स पुढचा भाग काढणारच, तुम्ही बरोबर असा वा नसा, असे त्याला बजावले जाते. हा चित्रपटही वॉर्नर ब्रदर्सचाच. मुक्तीच्या कथेचा विक्रीचा माल कसा होतो हे त्यात उघडपणे सांगितले आहे; मात्र ते सांगण्याचा परवाना मालकाकडूनच मिळालेला आहे.

ग्रेटा गर्विग दिग्दर्शित 'बार्बी' (२०२३) मध्ये एक शाळकरी मुलगी त्या बाहुलीला तोंडावर फॅसिस्ट म्हणते. बाहुली विकणाऱ्या मॅटेल कंपनीचे निव्वळ पुरुषांचे संचालक मंडळ हास्यास्पद रंगविले आहे. निर्मितीत सहभागी असलेल्या मॅटेलने ही टीका आनंदाने सोसली. चित्रपटाने जगभर १४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमविला. थट्टा संचालकांच्या दालनापर्यंत जाते. आशियातील ज्या कारखान्यांत कामगार या बाहुल्या घडवितात, तेथवर ती पोहोचत नाही.

थट्टेची मर्यादा गल्ल्यावर ठरते. 'जोकर' (२०१९) ने १०० कोटी डॉलरहून अधिक मिळविले. २०२४ च्या दुसऱ्या भागाने त्याच पात्राभोवतीचे वलय उतरविले, तेव्हा प्रेक्षकांनी पाठ फिरविली आणि पहिल्याच्या पाव हिश्श्याइतकेही उत्पन्न झाले नाही. असा जुगार पुन्हा खेळू देण्यापूर्वी कोणतीही कंपनी दहादा विचार करील.

म्हणून हे सारे ढोंग आहे असे म्हणून मोकळे होणे मात्र चूक ठरेल. पटकथा लिहिणारे हेही श्रम विकून जगणारेच आहेत. मालकाने आखून दिलेला साचा वर्षानुवर्षे भरीत राहण्याचा त्यांचा उबग या उपरोधात उमटला आहे. तोच असंतोष २०२३ मध्ये रस्त्यावर आला. २ मे रोजी अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी लेखकांनी संप पुकारला. १४ जुलैला नटनट्यांची संघटना त्यात उतरली. दोघांचा एकाच वेळी संप १९६० नंतर प्रथमच होत होता. त्यानंतर आठवड्याने 'बार्बी' पडद्यावर आली, तेव्हा तिची नायिकाही संपात होती.

इंटरनेटवरील प्रदर्शनाच्या कमाईत रास्त वाटा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापरावर बंधने, या प्रमुख मागण्या होत्या. साचा एकदा पक्का झाला की तो भरण्यास माणूस कशाला हवा, हा मालकांचा हिशेब त्यामागे होता. लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस झुंजले. यंत्राने रचलेला मजकूर लेखकाचे लेखन मानला जाणार नाही व यंत्र वापरण्याची सक्ती लेखकावर करता येणार नाही, ही कलमे लेखकांनी करारात घालून घेतली. यश मर्यादित आहे. परंतु कंपन्यांनी आखलेली कथा येथे खरोखर बदलली गेली, आणि ती मालकाच्या परवान्याने नव्हे.

सांस्कृतिक आघाडीवरील कार्यकर्त्यांनी या चित्रपटांकडे पाठ फिरवू नये. ते पाहावेत, त्यातील विनोदाला मनमुराद हसावे. आणि हसता हसता थट्टा कोणत्या दारापाशी येऊन थांबते, तेही प्रेक्षकांशी बोलावे. त्या दारापलीकडील काम संघटनेचे आहे.