मटक्याच्या चार्टला पेटंट?



मुंबईचे पेटंट कार्यालय पूर्वी लोअर परळला, सन मिलच्या आवारातील तोडी इस्टेटमध्ये होते. आता ते अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात आहे. दोन्ही जागा दादरपासून जवळच. नव्या यंत्रापासून नव्या औषधापर्यंत नाना तऱ्हेचे अर्ज ह्या कार्यालयात येतात आणि परीक्षक ते एकेक करून तपासतात.

समजा, उद्या एका परीक्षकाच्या टेबलावर असा अर्ज आला : 'क्रिकेटच्या सामन्यांवर पैजा घेणाऱ्या ॲपसाठी खास शिकवून तयार केलेले भाषा-प्रतिमान.' भाषा-प्रतिमान म्हणजे ज्याला सर्वजण लँग्वेज मॉडेल म्हणतात ते. प्रश्नाला उत्तर देणारा, गप्पा मारणारा संगणक त्याच्यावरच चालतो. अशा अर्जाचे परीक्षकाने काय करावे? माझे मत आधीच सांगून टाकतो. त्याने तो नाकारावा. पण नुसते मत सांगून भागत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कारणे मागितली पाहिजेत. तीच येथे देत आहे.

पेटंट हा एक सौदा आहे

पेटंटला शासकीय मराठीत 'एकस्व' म्हणतात. शोध लावणारा समाजाला सांगतो, "माझी युक्ती मी उघड करून, दुसऱ्या जाणकाराला ती करता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून देतो." समाज त्याच्या बदल्यात म्हणतो, "ठीक आहे, २० वर्षे तुझ्या परवानगीवाचून दुसरा कोणी ती वापरणार नाही." मुदत संपली की ती युक्ती सर्वांची होते. म्हणून परीक्षक तीन गोष्टी पाहतो : वस्तू नवी आहे काय, जाणकाराला सहज सुचण्यापलीकडचे पाऊल तिच्यात आहे काय, आणि उद्योगात तिचा उपयोग होतो काय.

परीक्षक काय पाहत नाही, हेही ध्यानात ठेवा. ती वस्तू विकत घेणाऱ्याचे भले होईल, असे प्रमाणपत्र तो देत नाही. आपल्याकडे मात्र 'पेटंट औषध' म्हटले की ते खात्रीचे, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जाहिरातदारांना ती चांगली ठाऊक असते. 'आमचा अंदाज सांगणारा संगणक पेटंटप्राप्त आहे' ही एक ओळ एखाद्या कॉलेजकुमाराच्या खिशातून किती पैसे काढील, ह्याचा विचार करा.

कापसाचे आकडे

आता गिरणगावात जाऊ. परळ, लालबागच्या चाळींत राहणाऱ्या कामगारांना 'आकडा लावणे' हा शब्दप्रयोग शिकवावा लागत नसे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत आणि त्या भावातील आकड्यांवर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे आकडे येणे थांबले. जुगार मात्र थांबला नाही. मडक्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून त्या काढण्याची पद्धत सुरू झाली. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, पण मटका हे नाव कायम राहिले.

मटक्याचा हिशेब सोपा आहे. शून्यापासून नवापर्यंत दहा आकडे. एका आकड्यावर एक रुपया लावला आणि तो लागला तर नऊ रुपये मिळतात, असा दर धरू. दहा माणसांनी दहा वेगवेगळे आकडे घेतले तर मालकाकडे दहा रुपये जमतात. तो नऊ देतो, एक ठेवतो. म्हणजे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरीने दहा पैसे गेले. जे उरले तेच पुन्हा लावत गेलो, तर सातव्या फेरीअखेर सरासरीने शंभराचे ४८ रुपये राहतात. ०.९ ला ०.९ ने गुणत जा आणि पडताळून पहा.

तरीही माणसे मटक्याचे चार्ट ठेवीत. महिनोन्‌महिन्यांचे लागलेले आकडे रकान्यांत मांडून 'सात बरेच दिवस आला नाही, आता येणारच' असे ताडीत बसत. मडक्याला स्मरणशक्ती नसते. काल सात आला की नाही, हे आजच्या चिठ्ठीला ठाऊक नसते. चार्ट कितीही नीटनेटका असला तरी त्यात उद्याचा आकडा सापडत नाही.

भाषा-प्रतिमान काय करते?

गंमत अशी की, संभाव्यतेचे गणित जुगारातूनच जन्माला आले. अर्ध्यावर थांबलेल्या डावातील पैसे दोघांत कसे वाटावेत, ह्या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा ह्या फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ मध्ये एकमेकांना पत्रे लिहिली. १९१३ मध्ये मार्कोव्ह ह्या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या काव्यातील २०,००० अक्षरे घेऊन स्वरानंतर स्वर किती वेळा येतो आणि व्यंजन किती वेळा, हे मोजले. १९४८ मध्ये अमेरिकेच्या शॅननने भाषेतील पुढचे अक्षर किती अंशी ओळखता येते, ह्याचे गणित मांडले. आजचे भाषा-प्रतिमान ह्याच वाटेने आले आहे. 'फलंदाजाने चेंडू सीमेपार...' एवढे वाचल्यावर पुढे 'टोलावला' येण्याची शक्यता किती आणि 'शिजवला' येण्याची किती, हे ते अफाट मजकूर वाचून शिकते. त्याची गणिते प्रचंड मोठी आहेत, पण मूळ काम संभाव्यता मोजण्याचेच.

आता कोणी म्हणेल, क्रिकेट म्हणजे मटका नव्हे. खेळाडूंचा फॉर्म, खेळपट्टी, हवामान ह्यांची माहिती असली तर अंदाज सुधारतो. हे खरे आहे. शिवाजी पार्कवर रोज सराव पाहणाऱ्या म्हाताऱ्याचा अंदाज तुमच्याआमच्यापेक्षा बरा असेल. पण भर पावसाळ्यात ओल्या मैदानांवर चालणाऱ्या कांगा लीगचे सामने ज्याने पाहिले आहेत, त्याला हा अंदाज किती वेळा तोंडघशी पडतो हेही ठाऊक असते. शिवाय पैजेचा दर ठरवतो कोण? ॲपचा मालक. उत्तम प्रतिमान कोणाजवळ? त्याच्याचजवळ. तुम्हाला जी माहिती दिसते, ती दरात आधीच धरलेली असते.

हाही हिशेब करू. दोन्ही संघ तुल्यबळ आहेत. न्याय्य दर म्हणजे एका रुपयाला दोन रुपये. ॲप देते १ रुपया ९० पैसे. प्रत्येक फेरीत सरासरीने शेकडा ५ रुपये गेले. शंभर रुपये घेऊन बसलेल्याने उरलेली रक्कम पुन्हा पुन्हा लावली, तर वीस फेऱ्यांनंतर सरासरीने ३६ रुपये उरतात. मटक्याच्या मानाने हे धीम्या गतीने होते, इतकेच.

यंत्राला शाबासकी कशाबद्दल?

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रतिमान शिकवताना त्याला शाबासकी कशाबद्दल द्यायची, हे माणूस ठरवतो. बरोबर भाषांतराबद्दल शाबासकी दिली तर ते चांगला भाषांतरकार होते. गिऱ्हाईक ॲपवर किती वेळ रेंगाळले आणि हरल्यावर पुन्हा पैसे भरायला परतले की नाही, ह्याबद्दल शाबासकी दिली, तर ते काय शिकेल? कोणत्या माणसाशी कोणत्या शब्दांत, रात्री किती वाजता बोलले म्हणजे तो मोह आवरू शकणार नाही, हे शिकेल. मटका घेणारा नाक्यावर उभा असे. त्याचा चेहरा ओळखीचा असे, चाळीतली आई त्याला दोन शब्द सुनावू शके, आणि रात्री तोही झोपायला जाई. खिशातले यंत्र झोपत नाही आणि त्याला आई दिसत नाही. अर्जदाराने ह्या यंत्राला 'सुधारणा' म्हटले तर परीक्षकाने विचारावे : सुधारणा कोणाची?

कायद्याच्या चाळण्या

आपला पेटंट कायदा १९७० चा, अमलात आला १९७२ मध्ये. त्याच्या तिसऱ्या कलमात कशाला शोध म्हणू नये ह्याची यादी आहे. 'ट' म्हणजे इंग्रजी के ह्या अक्षराच्या पोटकलमानुसार गणिती पद्धत, धंद्याची पद्धत, निव्वळ संगणकीय आज्ञावली आणि गणनविधी ह्यांना पेटंट नाही. एम ह्या पोटकलमानुसार बुद्धीने करावयाच्या क्रियेची किंवा खेळ खेळण्याची नुसती पद्धत वगळली आहे. बी ह्या पोटकलमानुसार ज्याचा वापर सार्वजनिक सुव्यवस्थेला किंवा नीतिमत्तेला बाधक ठरेल, तेही वगळले आहे.

पहिल्या चाळणीबद्दल प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, संगणकाचा संबंध आला की अर्ज फेटाळा, असा कायदा नाही. फरीद अलानी ह्यांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसे स्पष्ट केले. आज्ञावलीमुळे काही तांत्रिक परिणाम साधत असेल, उदाहरणार्थ संगणक कमी विजेवर चालू लागला, तर विचार झाला पाहिजे. पेटंट कार्यालयाने २०२५ मध्ये अशा अर्जांसाठी सुधारित मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. पण पैजेच्या प्रतिमानाचा परिणाम कोठे होतो? संगणकात काहीच सुधारत नाही. फक्त गिऱ्हाइकाचे पैसे अधिक वेगाने जातात. तो धंद्याचा परिणाम झाला. लंडनच्या न्यायालयाने २००५ मध्ये सीएफपीएच ह्या कंपनीच्या संगणकीय पैजेच्या व्यवस्थेला ह्याच प्रकारच्या कारणाने पेटंट नाकारले. अमेरिकेतील अपील न्यायालयानेही २०१६ मध्ये पत्त्यांच्या एका नव्या पैजखेळाच्या नियमांबद्दल, ही नुसती अमूर्त कल्पना आहे, असा निर्णय दिला.

नीतिमत्तेच्या चाळणीतही एक बारकावा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते नशिबाचे असोत वा कौशल्याचे, बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. त्याला न्यायालयांत आव्हानही देण्यात आले. परंतु आंतरराष्ट्रीय करारांप्रमाणे एखाद्या वस्तूवर देशात बंदी आहे, एवढ्याच कारणाने पेटंट नाकारता येत नाही. परीक्षकाला समाजाची हानी स्वतंत्रपणे दाखवावी लागते. येथे मुंबईचेच एक जुने प्रकरण उपयोगी पडेल. वृत्तपत्रातील शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांवरून मुंबई राज्य आणि चमारबागवाला ह्यांच्यात वाद झाला. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण मिळत नाही. ज्याला व्यापाराचाही मान नाही, त्याला शोधाचा मान का द्यावा?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप तुमच्यापैकी हुशार मुले घेतीलच. पेटंट नाकारणे म्हणजे बंदी नव्हे. उलट मग ती युक्ती कोणीही फुकट वापरील! अगदी बरोबर. पेटंटने फक्त इतरांना अडवण्याचा हक्क मिळतो. जुगार थांबवणे हे पेटंट परीक्षकाचे काम नाही, त्यासाठी दुसरे कायदे आहेत. पण २० वर्षांचा मक्ता हे समाजाने ठेवलेले बक्षीस आहे, आणि बक्षीस ज्या दिशेला ठेवाल त्या दिशेला हुशार माणसे धावतात. भाषा-प्रतिमाने बांधू शकणारे तरुण पाऊस, पीक, रोगनिदान ह्यांकडे वळावेत, असे आपल्याला वाटते ना?

दुसरा आक्षेप असा की, पेटंट दिले नाही तर ह्या युक्त्या गुप्त राहतील आणि समाजाला कळणारच नाहीत. ह्याचे उत्तर कायद्यातच आहे. साधारणपणे अर्जानंतर १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो, पुढे पेटंट मिळो वा न मिळो. म्हणजे वाचायचे ते वाचायला मिळते.

आणि एक गोष्ट मान्य करतो. हीच गणिते वापरून कोणी हरत चाललेल्या माणसाला वेळीच ओळखणारे व त्याचा व्यवहार थांबवणारे यंत्र केले, तर त्याचा अर्ज परीक्षकाने मन मोकळे ठेवून तपासावा. माझा विरोध भाषा-प्रतिमानाला नाही. शाबासकी कशाबद्दल दिली आहे, ते पाहून बोलतो.

तुम्ही काय करू शकता?

पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती त्याविरुद्ध लेखी हरकत घेऊ शकते, अशी तरतूद आपल्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात आहे. तिच्यासाठी वकील किंवा कारखानदार असावे लागत नाही. शिक्षकांनी वर्गात एखादा प्रसिद्ध झालेला अर्ज वाचून दाखवावा. 'ह्यात नवे काय? शिकण्यासारखे काय?' एवढे दोन प्रश्न विचारले तरी तास रंगेल.

आणि घरी हा प्रयोग करा. एका मडक्यात शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या घाला. एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, हलवा. असे पन्नास वेळा करून सुरेख चार्ट तयार करा. तो मित्राच्या हाती देऊन पुढचे वीस आकडे एकेक करून आधी ओळखायला सांगा. वीसपैकी साधारण दोनच बरोबर येतील. चार आले तर मित्र म्हणेल, मला युक्ती सापडली. तेव्हा त्याला आणखी शंभर आकडे ओळखायला सांगा.