पोळ्याची रांग आणि विद्यापीठाचे नाव

तेरला गोरोबाकाकांच्या समाधीपुढे गेले की थापटण्याची कथा आठवतेच. संतांची डोकी थापटून कोण कच्चे, कोण पक्के हे सांगणारा इथला कुंभार. त्या परीक्षेत जात नव्हती. त्याच मेळ्यातल्या चोखोबांची समाधी मात्र पंढरीत महाद्वाराबाहेर राहिली. भजनात जागा मिळाली, गावाच्या मानपानात नाही.

हा मानपान मराठवाड्यातल्या खेड्यांत पोळ्याला दिसे. आधी पाटलाचा बैल, मग इतरांचे. हलगी कुणी वाजवायची, मेलेले ढोर कुणी ओढायचे, तेही ठरलेले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने तेव्हाच्या औरंगाबादेतील मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि पेटल्या त्या खेड्यापाड्यांतल्या दलितवस्त्या. घरे जळली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून गेली. ज्यांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती, ते इतके का चिडावेत? माझ्या मते ठराव हे निमित्त होते. येसकरी सोडलेला, पोराला कॉलेजात धाडणारा शेजारी आधीपासून डोळ्यांत सलत होता. पुढाऱ्यांनी त्या सलाला ‘प्रादेशिक अस्मिता’ असे भारदस्त नाव दिले. (निजामाशी लढलेल्या प्रदेशाची अस्मिता शेजाऱ्याच्या झोपडीने दुखावावी, हे मला अजून उमगलेले नाही.)

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ हा शब्दही नावात राहिला. एवढ्या साध्या तडजोडीला साडेपंधरा वर्षे लागली. यंदा पोळ्याला गावी जाल, तेव्हा कुणाचा बैल कुणाच्या मागे उभा आहे, आणि कुणाचा वेशीत आलाच नाही, एवढे मुलांना दाखवा.