पाण्याचा हिशेब कोण मागणार?

२५ सप्टेंबर २०१४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसने पाठिंबा काढला आणि पृथ्वीराज चव्हाणांचे आघाडी सरकार कोसळले. निमित्त जागावाटपाचे; परंतु उभयपक्षी विश्वास २०१२ सालीच सिंचनाच्या हिशेबात बुडाला होता. दशकभरात सुमारे सत्तर हजार कोटी रुपये खर्ची पडले आणि राज्याच्याच आर्थिक पाहणीनुसार पिकांखालील क्षेत्रातील ओलिताचे प्रमाण १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर गेले! मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी पत्र लिहून वाचा फोडली. अजित पवारांनी सप्टेंबरात उपमुख्यमंत्रिपद सोडले, जलसंपदा खात्याने स्वतःच श्वेतपत्रिका लिहिली आणि डिसेंबरात पवार त्याच पदावर परतले.

ज्या भाजपने चितळे समितीकडे बैलगाडीतून पुरावे नेले, त्याच पक्षाने २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पवारांसह शपथ घेतली. दोनच दिवसांत नऊ चौकशा बंद झाल्या. त्यांचा पवारांशी संबंध नव्हता, असा खुलासा लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने केला. पुढे त्याच खात्याने न्यायालयात त्यांना निर्दोष ठरवले. तेव्हा व्यक्तीचा न्याय आपण करण्याचे कारण नाही. प्रश्न पैशाचा आहे.

येवल्याच्या अवर्षणग्रस्त गावांनी पुणेगाव-दरसवाडी-डोंगरगाव कालव्याची वाट पाहण्यात वर्षानुवर्षे घालवली. मंत्री कोणाचा, ही चौकशी त्या शिवारात निरर्थक आहे. कोणत्या कालव्यावर किती खर्च झाला आणि शेवटच्या चारीखाली प्रत्यक्ष किती हेक्टर भिजले, हा गाववार तक्ता आपल्या कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत मागावा. तोही खात्याच्या नव्हे, शेतकऱ्यांच्या मोजणीने.