बक्षिसातला अर्धा वाटा

17 एप्रिल 2021. बदलापूरजवळच्या वांगणी स्थानकात पॉइंट्समन मयूर शेळके उद्यान एक्स्प्रेसला हिरवा बावटा दाखवायला उभे होते. समोरच्या फलाटावरून आईबरोबर चाललेलं एक लहान मूल तोल जाऊन रुळांवर पडलं. आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं. ती जिवाच्या आकांताने फलाटाची कड चाचपडत होती. गाडी भरधाव येत होती. शेळके त्याच रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले, पोराला उचलून फलाटावर ठेवलं आणि स्वतः कसेबसे वर चढले. मागोमाग गाडी धडधडत गेली. रेल्वेने 50 हजारांचं बक्षीस दिलं, तेव्हा त्यातली अर्धी रक्कम त्या मायलेकरांना द्यायचं त्यांनी ठरवलं.

धाडसाचं कौतुक देशभर झालं, व्हायलाच हवं होतं. आम्हाला मात्र त्या अर्ध्या वाट्याचं मोल अधिक वाटतं. पॉइंट्समनच्या घरात 25 हजारांना कितीतरी वाटा फुटतात. तरी या माणसाने आधी आपलं सगळं मार्गी लागू दे, असं म्हटलं नाही.

आपण तसं म्हणतो. आधी नोकरी, मग वन बीएचके, मुलांची शिक्षणं, मग टू बीएचके. समाजासाठी काय करायचं ते रिटायर झाल्यावर. यात दोष कुणाला द्यावा? मुंबईच्या सीएसएमटीपासून बदलापूर सुमारे 68 किलोमीटर, आणि हे अंतर रोज लोकलने कापायचं. पहाटे डबे भरून निघालेली आई रात्री परतते तेव्हा मूल पेंगुळलेलं असतं. पण समाधान असं पुढच्या टप्प्यावर ढकलत गेलं की ते शेवटच्या टप्प्यावरही भेटत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

सगळं मार्गी लागायची वाट न पाहताही समाजासाठी काही करता येतं, हे उल्हासनगरचा इतिहास सांगतो. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली कुटुंबं कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत येऊन राहिली. 1949 साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुन्हा शून्यातून धंदे उभे करायचे, लेकरं वाढवायची. आणि त्याच पिढीने शिक्षणसंस्थाही काढल्या. प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी 1949 मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज सुरू केलं. त्यांच्याच शिक्षण मंडळाचं चांदीबाई महाविद्यालय 1965 पासून उल्हासनगरात आहे. अंबरनाथ-बदलापूरची किती मराठी घरं त्या दारातून पुढे गेली!

आधी आपलं पाहू, असं न म्हणणारी माणसं अलीकडेही दिसली. जुलै 2019 च्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ आणि नौदलाने सोडवलं, आणि आसपासच्या गावांतले लोकही मदतीला धावले. त्याच पुराचं पाणी तेव्हा बदलापुरात घराघरांत शिरलं होतं.

म्हणून या दिवाळीत वाचकांकडे एक मागणं आहे, आणि ते नोकरी सांभाळून होण्यासारखं आहे. वांगणीत दृष्टिहीनांची अनेक कुटुंबं राहतात. त्यांतले कित्येक जण लोकलमध्ये छोट्या-मोठ्या वस्तू विकून संसार चालवतात. गर्दीत त्यांना दारातून आत घ्या. दिलेली नोट कितीची, ते स्वच्छ सांगा. घासाघीस करू नका. आणि तुमची मुलं बरोबर असतील, तर पैसे त्यांच्या हातून द्या.