छोटा कॅमेरा की मोठा कॅमेरा?

(द्वितीय वर्ष, कला)

‘साधनात काय आहे? खरी कला कलावंताच्या दृष्टीत असते.’ हे वाक्य बहुधा ज्याच्या घरी साधन असते तोच बोलतो, असे माझे निरीक्षण आहे. ज्याच्याकडे साधन नाही त्याला हे वाक्य ऐकून घ्यावे लागते. गेल्या महिन्यात विद्यार्थी मंडळाच्या बैठकीत मी ते तीन वेळा ऐकले, म्हणून हा लेखनप्रपंच.

झाले असे की, आपल्या एका माजी विद्यार्थ्याने वार्षिक अंकासाठी आणि कलामंडळासाठी कॅमेरा घ्यावा म्हणून चाळीस हजार रुपयांची देणगी दिली. आता कॅमेरा कोणता घ्यावा यावरून बैठकीत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे, नवशिक्यांसाठी मिळतो तसा साधा डीएसएलआर घ्यावा. दुसरा तट म्हणाला, ती धोंड कशाला गळ्यात बांधायची? त्याऐवजी खिशात मावणारे दोन कॉम्पॅक्ट कॅमेरे घ्या. बटण दाबले की फोटो, शिकायचे काही नाही, बिघडायचे काही नाही. एकाने तर आपुलकीने सुचवले की मुलींना छोटाच बरा, वजन नको. चहा आला, बैठक संपली आणि निर्णय पुढे ढकलला गेला. तो होण्यापूर्वी माझे मत मी येथे स्पष्टपणे मांडून ठेवते. मी मोठ्या कॅमेऱ्याच्या बाजूची आहे.

छोट्याची बाजू लटकी आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१८ साली आलेला कॅननचा १५००डी बॅटरीसह ४७५ ग्रॅम भरतो, वर त्याच्या नेहमीच्या लेन्सचे सुमारे २०० ग्रॅम. सोनीचा आरएक्स१०० हा २०१२ सालचा कॉम्पॅक्ट सगळा मिळून २४० ग्रॅमचा आहे. प्रश्न केवळ मानेच्या दुखण्याचा नाही. आठवड्याच्या बाजारात मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की भाजीवाली मावशी पदर सारखा करून ताठ बसते आणि हसायची थांबते. छोट्याकडे तिचे लक्षही जात नाही. जगातल्या नावाजलेल्या छायाचित्रकारांनी हा फायदा ओळखला होता. जपानचा दाइदो मोरियामा वर्षानुवर्षे रिको जीआर जातीचा छोटा कॅमेरा घेऊन टोकियोच्या गल्ल्यांतून हिंडला. मॅग्नम संस्थेच्या अ‍ॅलेक्स माजोलीने २००३ मध्ये काँगो आणि इराक येथील युद्धाची छायाचित्रे ऑलिंपसच्या लहान डिजिटल कॅमेऱ्यांवर काढली. बैठकीत मोरियामाचे नाव घेतले गेले तेव्हा आमच्या तटाकडे उत्तर नव्हते.

उत्तर मला घरी जाताना एसटीत सुचले. मोरियामाने छोटा कॅमेरा हाती घेतला तो सगळे शिकून झाल्यावर. १९६१ मध्ये तो टोकियोला एइको होसोए या छायाचित्रकाराकडे सहायक म्हणून राबत होता. वीस वर्षे स्वयंपाक केलेली बाई मीठ अंदाजाने घालते, म्हणून नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या हाती चमचाच देऊ नये, असे कोणी म्हणेल काय? जे सिद्धहस्त आहेत त्यांचा साधेपणा नवशिक्याला दाखवून ‘तुलाही एवढे पुरे’ म्हणणे हे मला शहाणपणाचे वाटत नाही.

मोठ्या कॅमेऱ्यात शिकण्यासारखे असे काय असते? मी जे पाहिले तेवढेच सांगते. दिवाळीच्या सुटीत मी गावातल्या फोटो स्टुडिओत पंधरा दिवस हाताखाली काम केले. स्टुडिओच्या मालकांनी, आम्ही त्यांना काका म्हणतो, एके दुपारी त्यांचा जुना डीएसएलआर माझ्या हाती दिला, चकती ‘एम’ या अक्षरावर फिरवली आणि म्हणाले, “जा, गिरणीचा पट्टा काढून आण.” पिठाच्या गिरणीचा पट्टा किती वेगाने फिरतो ते सर्वांना ठाऊक आहे. मी शटर एका सेकंदाच्या पाचशेव्या भागावर ठेवले. फोटो काळाकुट्ट आला. ॲपर्चर उघडता येईल तेवढे उघडले, तरी अंधारच. मग आयएसओ वाढवत गेले, तेव्हा पट्टा दिसू लागला, अगदी जागच्या जागी थांबलेला, पण सगळ्या चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे. शेवटी कोपर पिठाच्या डब्यावर टेकवून शटर पंधराव्या भागावर आणले. आता पट्टा धुरासारखा पुसट झाला आणि शेजारी दळणाची वाट पाहत उभी असलेली बाई मात्र स्पष्ट आली. गिरणी चालू आहे हे त्या एकाच फोटोत कळत होते.

उजेड, वेग आणि दाणे या तिघांतील एकाला दिले की दुसऱ्याकडून घ्यावे लागते, हे मला त्या दुपारी समजले. पुस्तकात वाचून ते समजले नसते. कॉम्पॅक्टने त्या गिरणीचा फोटो पहिल्याच दाबाला काढला असता, आणि वाईट काढला नसता. परंतु निर्णय त्याने घेतला असता. तो का घेतला हे मला कधी कळले नसते.

येथे कोणी म्हणेल की हाताने सारे ठरवता येईल असेही कॉम्पॅक्ट आहेत. आहेत, आणि उत्तम आहेत. आरएक्स१०० त्यांतलाच. रिकोच्या जीआर थ्रीमध्ये तर डीएसएलआरच्या मापाचा सेन्सर बसवला आहे. मात्र त्यांच्या किमती साध्या डीएसएलआरच्या वर जातात. चाळीस हजारांत दोन घेऊ म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे नाहीत. त्यांच्यासमोर आहेत ते नखाएवढ्या सेन्सरचे. त्या सेन्सरची लांबी-रुंदी सुमारे ६.२ आणि ४.६ मिलिमीटर असते. कॅननच्या साध्या डीएसएलआरची २२.३ आणि १४.९. गुणाकार करून पाहा, जवळजवळ बारापट क्षेत्रफळ. पावसाचे पाणी वाटीत किती साठेल आणि परातीत किती, तसा हा उजेडाचा हिशेब आहे. आपले स्नेहसंमेलन संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात होते. गेल्या वर्षीच्या अंकातील एकांकिकेची छायाचित्रे काढून पाहावीत. नायिका कोण आणि पडदा कोणता हे ओळखणाऱ्याला संपादक मंडळाने बक्षीस ठेवायला हरकत नाही.

‘मुलींना छोटाच बरा’ या सूचनेबद्दल दोन शब्द. होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. साडी नेसून, स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा सांभाळत त्या दिल्लीत पुरुषांच्या गर्दीत उभ्या राहिल्या. स्वातंत्र्याच्या वेळचे समारंभ आणि गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्या स्पीड ग्राफिकपुढे पाऊण किलोचा डीएसएलआर म्हणजे खेळणे. आणि आमच्यापैकी निम्म्या मुली घरी दोन-दोन हंडे उचलतात.

आणखी एक आक्षेप आहे तो अधिक वजनदार. डीएसएलआरचाच जमाना सरला, आता आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आले, मग जुने का घ्यावे? खरे आहे. निकॉनचा डी३५०० २०१८ मध्ये आला आणि आता कंपनी तो बनवतही नाही. माझ्या मते हाच आपला फायदा आहे. शहरातील हौशी मंडळी मिररलेस घेतात आणि आपले चांगले चाललेले डीएसएलआर विकतात. जुना, पण पारखून घेतलेला डी३५०० देणगीच्या रकमेत बसेल आणि वर एक ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्सही घेता येईल. एकदा चार्ज केला की कंपनीच्या मोजमापाप्रमाणे तो दीड हजारांवर फोटो देतो. एका स्नेहसंमेलनाला पुरून उरतील. ॲपर्चरचे गणित मिररलेस आल्याने बदललेले नाही.

आणि मोबाइल? मोबाइल वर्गात पुष्कळांकडे आहे, त्यामुळे खिशातल्या कॅमेऱ्याचे काम झालेलेच आहे. २०१० मध्ये जगभर बारा कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे गेले, त्यांत कॉम्पॅक्टच फार मोठ्या संख्येने होते. २०२३ मध्ये सगळे मिळून एक कोटीही गेले नाहीत. जे आपल्या खिशात आधीच आहे त्याच्याच जवळपासची वस्तू देणगीतून पुन्हा घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

यात केवळ हौसेचा प्रश्न असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. माझ्या वर्गातील तीन मुले लग्नसराईत केटरिंगवाल्याकडे वाढपी म्हणून जातात. त्याच मांडवात फोटोवाल्याला दुसऱ्या कॅमेऱ्यावर उभा राहील असा मदतनीस हवा असतो, आणि तो त्याला तालुक्यात मिळत नाही. काकांनी मला हे स्वतः सांगितले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत या मुलांची नाही. तो हाताळायला मिळण्याचे एकच ठिकाण त्यांना आहे आणि ते म्हणजे हे महाविद्यालय. आमच्या घरात मी पहिली कॉलेजात आले. मला येथे सोपी वस्तू मिळावी ही माझी अपेक्षा नाही. सोप्या वस्तू बाजारात मिळतात.

मोठ्या कॅमेऱ्याविरुद्ध एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. बैठकीत तो कोणी काढला नाही, मीच काढते. महागडी वस्तू आली की ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते, कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली रजेवर जाते. भूगोल विभागाची दुर्बीण मी दोन वर्षांत काचेतूनच पाहिली आहे. कॅमेऱ्याचे असे होणार असेल तर छोटे दोन घेतलेले पत्करले, निदान ते कोणाच्या तरी खिशातून हिंडतील.

तेव्हा ठराव करताना पुढील अटी त्यातच लिहाव्यात. कॅमेरा ग्रंथालयात ठेवावा आणि पुस्तकासारखा ओळखपत्रावर दोन दिवसांसाठी मिळावा. अनामत रक्कम ठेवू नये, कारण ती भरणारे तेच असतील ज्यांच्या घरी कॅमेरा आहे. नेण्यापूर्वी प्रत्येकाने तासभर शिकून घ्यावे. शिकवायला काका यायला तयार आहेत, मी विचारले आहे. पहिला महिना चकती ‘एम’ वरून हलवायची नाही. आणि मोडण्याची भीती वाटणाऱ्या सरांसाठी काकांनीच सांगितलेली एक माहिती: पावसाळ्यात अंधाऱ्या, कोंदट कपाटात बंद राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी धरते, आणि ती साफ करायला फार खर्च येतो. वापरात, हवेवर असलेल्या लेन्सला ती सहसा धरत नाही. पावसाळा जूनमध्ये सुरू होतो; खरेदी त्याआधी व्हावी.