सराणेवरची घाई

सुरतेत कच्चा हिरा सराणेवर धरण्यापूर्वी जाणता कारागीर तो भिंगाखाली पुनःपुन्हा न्याहाळतो. एक घाव चुकला की लाखमोलाचा खडा मातीमोल होतो, हे त्यास पिढीजात ठाऊक असते. दगडाविषयीचे हे शहाणपण हाडामांसाच्या माणसाविषयी आपल्या क्रीडाधुरीणांना सुचले असते, तर मुनाफ पटेल याची कहाणी निराळी झाली असती, असे आम्हांस वाटते.

सुरतेच्या उत्तरेस, नर्मदेपलीकडे, भडोच जिल्ह्यातील इखर या खेड्यात 1983 साली मुनाफ जन्मला. वडील दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. मुलगा फरश्यांच्या कारखान्यात दिवसाला 35 रुपयांवर काम करणारा. बडोद्यास किरण मोरे यांच्या नजरेने हा खडा हेरला आणि चेन्नईच्या एमआरएफ प्रबोधिनीत धाडला. गुजरातकडून रणजी सामना खेळण्यापूर्वीच, सचिन तेंडुलकर यांच्या शिफारशीने, मुंबईने 2003 साली त्यास आपल्या संघात घेतले. देशातील सर्वांत वेगवान गोलंदाज गवसला, अशी हाकाटी झाली. 2006 च्या मार्चमध्ये मोहालीस इंग्लंडविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने 97 धावांत 7 बळी घेतले, तेव्हा तर उतावळ्यांनी गुडघ्याला बाशिंगच बांधले.

पुढे काय झाले? त्याच वर्षाच्या अखेरीच्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात घोटा दुखावला. एका दुखापतीतून सावरतो तोच दुसरी उद्भवे. वेग ओसरला आणि झंझावाताच्या जागी टप्पा व दिशा सांभाळणारा मध्यमगती गोलंदाज उरला. 13 कसोटींत 35 बळी, 70 एकदिवसीय सामन्यांत 86 बळी. 2011 नंतर भारताकडून सामना नाही, आणि 2018 साली निवृत्ती.

'मुलगा आळशी निघाला,' असा निवाडा पुष्कळांनी देऊन टाकला. हा निवाडा आम्हांस मान्य नाही. ज्या वयात हाडे भरतात त्या वयात जो कारखान्यात राबला, त्याच्या देहावर वेगवान गोलंदाजीचा भार टाकण्यापूर्वी दोन वर्षे सकस आहार, व्यायाम आणि वैद्यकीय देखरेख यांवर खर्चिली असती, तर काय बिघडले असते? आपण मात्र वेगाचा आकडा पाहिला आणि माणूस पाहावयाचे विसरलो. शिवाय ज्याच्या घरची चूल त्याच्या खांद्यावर, तो दुखणे सांगण्यास कचरणारच. विश्रांती ही पोट भरलेल्यांची चैन असते.

तरीही मुनाफला अपयशी म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. 2011 च्या जानेवारीत जोहान्सबर्गला 29 धावांत 4 बळी घेऊन त्याने भारतास एका धावेने विजय मिळवून दिला. त्याच वर्षीच्या विश्वचषकात 11 बळी टिपले. वेग गेल्यावर रडत न बसता ज्याने कारागिरी आत्मसात केली, त्यास तारा म्हणा वा न म्हणा, विश्वविजेता म्हणावेच लागेल.

हा प्रश्न एकट्या क्रिकेटचाही नाही. पंजाबच्या बल्लो के गावचा उंचापुरा सतनाम सिंग 2015 साली अमेरिकेतील एनबीएच्या डॅलस संघाने निवडला, तेव्हा बास्केटबॉलचे नवे युग उगवल्याचे नगारे वाजले. त्या स्पर्धेत त्यास एकही सामना खेळावयास मिळाला नाही. तेथे उंची मोजली गेली, येथे वेग. दोन्हीकडे घाई तीच.

आज सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर मैदानाभोवती आणि उधना-लिंबायतच्या चाळींतून, जेथे आपले खानदेशी बांधव मोठ्या संख्येने राहतात, मुले चेंडू घेऊन धावत आहेत. त्यांतील एखादा उद्या गाजेल. त्याच्या नावाचा डंका पिटण्यापूर्वी जिल्हा संघटनांनी त्याची प्रकृती तपासावी, त्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे की नाही हे विचारावे, आणि दुखापतीच्या काळात त्याचा चरितार्थ चालेल अशी तजवीज करावी. वृत्तपत्रांनीही, आम्ही स्वतःस वगळीत नाही, विशेषणे जपून वापरावीत. हिरा घडविण्यास वेळ लागतो; तेवढा धीर आपल्यापाशी आहे काय, एवढाच प्रश्न आहे.